वस्तीची एसटी जाते तिथवर व्हॅन, पुढे मोटरसायकल : कोकणच्या घाटजंगलात राहायला जाताना

कोकणात कॅम्पर व्हॅन घेऊन जायचं म्हटलं की लोक किनाऱ्याकडे पळतात. मी तुम्हाला पूर्वेकडे वळायला सांगेन. किनाऱ्यापासून तासा-दोन तासांवर सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि तिच्या पायथ्याला, उतारावर, माथ्यावर जी झाडी आहे तिच्यात चार दिवस राहिल्याशिवाय कोकण पुरतं कळत नाही. आमच्याकडे एक जुनी तेरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मागच्या सीटा काढून आत झोपायची फळी, ओटा, पाण्याची टाकी असा संसार बसवलेला आहे. गाडी मी चालवतो. धाकटा भाऊ दीडशे सीसीची मोटरसायकल घेऊन कधी पुढे, कधी मागे असतो. सात हिवाळे असे फिरल्यावर जे पक्कं झालं तेवढंच इथे सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात ठरवून टाका. व्हॅन जंगलात न्यायची नाही, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या वाडीत लावायची. तिथून पुढचं सगळं मोटरसायकलने आणि पायी. जे व्हॅनच आत घालतात त्यांचे दोन दिवस ती बाहेर काढण्यात जातात.

दिवस कोणते धरायचे

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर. याच्या आधी आणि नंतर येता येत नाही असं नाही, पण हे दिवस सोपे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर घाटात दरडी येतात, कातळावर शेवाळ धरतं, आणि व्हॅनच्या आत अंथरूण कधी वाळतच नाही. ऑक्टोबरात भातकापणी आणि झोडणी चालू असते. तेव्हा लोकांची खळी कामात असतात, कुणाला गाडीसाठी जागा मागणंच बरं दिसत नाही. गणपतीच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर व्हॅन घालू नका. शिमग्यात यायचं असेल तर जरूर या, पण गाडी गावाबाहेर लावा. पालखी ज्या वाटेने फिरते त्या वाटेत तुमचं चाक असता कामा नये.

घाट निवडताना

मोठ्या गाडीला आंबोली, फोंडा, आंबा आणि कुंभार्ली हे चार घाट पुरेसे आहेत. रस्ता रुंद, ट्रकची वर्दळ, मदत मिळते. भुईबावडा, खेडजवळचा रघुवीर आणि दोडामार्गचा तिलारी हे मोटरसायकलसाठी राखून ठेवा. तिलारीचे चढ आणि वळणं लांब गाडीला झेपणारी नाहीत. आणि कुठलाही घाट घ्या, निघण्याच्या आदल्या दिवशी पायथ्याच्या एखाद्या पेट्रोल पंपावर किंवा एसटीच्या डेपोत फोन करून घाट चालू आहे का विचारा. दरड, रुंदीकरण, पुलाचं काम, काहीही असू शकतं.

किनाऱ्याकडून येणार असाल तर खाडीवरची फेरीबोट गाडी घेते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या आहेत आणि त्यांनी बराच वळसा वाचतो. फक्त व्हॅनचा मागचा भाग चाकाच्या बराच बाहेर असतो हे ध्यानात ठेवा. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार उभा होतो आणि मागचा बंपर जमिनीला घासतो. त्यामुळे भरतीच्या आसपासची फेरी धरा. वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब अजून चालतो : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. उधाणात ओहोटीही तितकीच खोल जाते.

गाडीची तयारी : आधी काटा, मग ब्रेक

पाणी, गॅस, कपडे, माणसं, सगळं भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. आपण फळ्या ठोकत जातो आणि वजन किती झालं ते कुणीच मोजत नाही. आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाच्या आत बसलं पाहिजे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. म्हणून टाकी खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये बसवा, मागच्या टोकाला नको. मोटरसायकल मागे लोखंडी रॅकवर टांगायचा मोह होतो. शंभर-दीडशे किलो वजन मागच्या चाकाच्या पलीकडे लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि घाटातल्या वळणावर स्टिअरिंग सैल लागतं. शिवाय नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, ते कायद्यातही बसत नाही. दुसरा माणूस असेल तर त्याने मोटरसायकल चालवत यावं, हे सर्वांत उत्तम. पुढे जाऊन रस्ता पाहायलाही तो उपयोगी पडतो.

कागदांचंही इथेच उरकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या बाबींमध्ये बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. सीटा काढून घर केलेल्या गाडीची नोंद बदलून घ्या. नाहीतर अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. डॉट ३ ऑइल कोरडं असताना २०५ अंशाला उकळतं, ओल धरलं की १४० अंशालाच. डॉट ४ कोरडं २३० आणि ओलं १५५. आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ फळीला टेकतं. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. ते काळपट दिसेपर्यंत थांबू नका.

हे मी शिकलो ते दाजीपूरहून फोंडा उतरताना. पहिलंच वर्ष होतं. तिसऱ्या गिअरात गाडी घेतली आणि पाय ब्रेकवर ठेवून येत राहिलो. निम्म्या घाटात जळका वास आला, चार वळणांनंतर पेडल मऊ लागलं. मागून भाऊ हॉर्न वाजवत होता, त्याला चाकातून धूर दिसत होता. डोंगराच्या अंगाला जागा सापडली म्हणून थांबता आलं. पाऊण तास काही न करता उभे राहिलो. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो तडकतो. मग दुसऱ्या गिअरात, हळूहळू उरलेला घाट उतरलो. जुने ड्रायव्हर सांगतात ते अक्षरशः खरं आहे : ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा. वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक वळणाआधी दाबून सोडून द्यायचा, आणि उतारावर न्यूट्रल कधीही करायचं नाही.

जागा शोधणं

आत्ता येतो तो भाग सगळ्यात महत्त्वाचा. रस्त्यावर कुणालाही विचारलंत, “पुढे गाडी जाईल का?” तर उत्तर येतं, “जाईल की.” त्या माणसाच्या डोळ्यांसमोर रिक्षा असते. त्याऐवजी विचारा, “पुढे वस्तीची एसटी जाते का? कुठे वळते?” जिथे रात्रीच्या मुक्कामाला एसटी जाते, तिथे तुमच्या गाडीला पुरेल एवढा रस्ता आहे, वळायला जागा आहे, जवळपास देऊळ किंवा शाळा आहे, पाणी आहे आणि माणसं आहेत. एसटी तुमच्या व्हॅनपेक्षा लांब आणि उंच. ती वळते तर तुम्ही वळालच. एसटीची वेळही विचारून घ्या आणि तिच्या जागेवर गाडी लावू नका.

एसटी ज्या वाटेला जात नाही तिथे व्हॅन घालण्याआधी मोटरसायकलवाल्याने ती वाट शेवटपर्यंत पाहून यायची. तीन गोष्टी बघायच्या : फणसाच्या-आंब्याच्या खाली आलेल्या फांद्या, घराघरांना ओढलेल्या विजेच्या झोळ पडलेल्या तारा आणि दोन्ही बाजूंचे जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. गाडीची उंची, छतावरच्या सोलर पॅनलसकट, टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. आमची २ मीटर ७५ सेंटिमीटर आहे. भावाकडे तेवढ्या उंचीचा बांबू असतो. शंका आली तिथे उभा करून बघतो.

दुसरी गोष्ट, कोकणात रान दिसलं म्हणजे ते सरकारी असं धरू नका. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याकडचं क्षेत्र फारच थोडं आहे, बाकी बहुतेक झाडी कुणाच्या तरी मालकीची. ज्याला तुम्ही जंगल म्हणता ती कुणाची तरी काजूची बाग असते, कुणाचं तरी जळाऊ लाकडाचं रान असतं. मालकाला विचारल्याशिवाय मुक्काम करायचा नाही. राखीव वनात मात्र परवानगीशिवाय मुक्काम नाहीच. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ राखीव वनात आग पेटवणं आणि घुसखोरी या दोन्हींना गुन्हा ठरवतं. राधानगरी अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द, इथे गेटवर नोंद करा, दिवसा फिरा आणि सांगतील तितक्या वाजता बाहेर या. देवराईत तर गाडीही नको आणि मुक्कामही नको. तिथली वाळकी काटकीसुद्धा गाव उचलत नाही, आपणही उचलायची नाही.

विचारायचं कसं? संध्याकाळी पाचच्या आत पोहोचा. अंधारात दार वाजवणाऱ्याला कुणी जागा देत नाही. गाडी रस्त्यावरच ठेवा, चालत घरापर्यंत जा, अंगणाबाहेरून हाक मारा, कोण कुठले ते सांगा. दोन रात्री राहणार, आग पेटवणार नाही, कचरा परत नेणार, एवढं स्पष्ट बोला. आम्हाला आजवर नाही म्हणणारे फार थोडे भेटले. चौकुळ भागात एका आजोबांनी आम्ही गाडी लावली ती जागा बघून मान हलवली. “पाऊस इलो की हयसर गाडी रुततली,” म्हणाले आणि स्वतः पुढे होऊन कातळाची जागा दाखवली. डिसेंबरात पाऊस कुठला, असं आम्हाला वाटलं. त्या रात्री अवकाळी सर आली. पैसे पुढे केले तर बहुतेक लोक संकोचतात. त्यांच्याकडून तांदूळ, कोकमं, काजूगर विकत घ्या, जेवण सांगा आणि त्याचे ठरल्यापेक्षा थोडे जास्त द्या.

प्रत्यक्ष गाडी लावताना वर बघा. माडाखाली नको, नारळ आणि झावळी दोन्ही पडतात. वाळलेल्या मोठ्या फांदीखाली नको. लाल मातीच्या उभ्या कापाखाली नको, तिथे दरड येते. कोरड्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पात्रात तर कधीच नको. जागा सपाट मिळत नाही, म्हणून दोन जाड फळ्या बाळगा आणि गवंडी वापरतात ती पाणसळ ओट्यावर ठेवून चाकाखाली फळी सरकवा. डोक्याची बाजू किंचित वर असू द्या. मग गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकाला जांभ्याचे तुकडे लावा. गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अंधारात वळवत बसायला नको.

वीज, पाणी, गॅस

विजेचा हिशेब सोपा आहे. दिवे साठ वॉट-तास, बारा व्होल्टचा पंखा आठ तास चालला तर एकशे साठ, फोन वगैरे चाळीस. छोटा बारा व्होल्टचा फ्रिज ठेवलात तर तो एकटाच चारशे-साडेचारशे खातो. म्हणजे दिवसाला सातशे. शंभर अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी नावाला बाराशे देते, पण निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी सहाशेच. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट अकराशेपर्यंत आरामात देते आणि वजनाने निम्म्याहून हलकी. दोनशे वॉटचं पॅनल उघड्यावर हिवाळ्यात दिवसाला सात-आठशे वॉट-तास देतं. झाडाखाली मात्र त्याचं जवळजवळ काहीच उरत नाही, आणि आपण तर सावलीसाठीच आलेलो असतो. म्हणून पॅनल छतावर घट्ट बसवण्याऐवजी दहा मीटर वायर लावून उन्हात नेऊन ठेवता येईल असं घ्या, आणि इंजिनावरून चार्ज होण्यासाठी मधला डीसी-डीसी चार्जर बसवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, अगदी टोकाजवळ, फ्यूज हवाच. तो वायरच्या जाडीप्रमाणे निवडायचा.

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक ठेवा. नळी-रेग्युलेटर जोडल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून नव्हे. थंडी लागली म्हणून आत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका. दारं बंद असताना कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

प्यायला माणशी पाच लिटर, बाकीला रोज वीस धरा. विहिरीवर पोहरा टाकण्याआधी घरच्यांना विचारा. काही विहिरी फक्त प्यायच्या असतात, तिथे पाय धुतलेले चालत नाहीत. साबणाचं पाणी व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माडाच्या किंवा केळीच्या बुडाशी कुठे ओतायचं ते मालक दाखवतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडात सापडणारा हिरण्यकेशी मासा २०२० साली जगापुढे आला आणि त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. इतक्या छोट्या झऱ्यात एवढं काही जगत असतं. आपल्या भांड्यांचा साबण तिथे जाऊ द्यायचा नाही.

मोटरसायकलने आत

शंभर ते दोनशे सीसीची, हलकी, आपल्याला एकट्याने उचलता येणारी मोटरसायकल घ्या. मोठी, महागडी लागत नाही. वाडीतला गॅरेजवाला जी रोज उघडतो तीच गाडी रानात चांगली, कारण तिची क्लच केबल कुठल्याही बाजारात मिळते.

आंबोलीला व्हॅन लावली तर हिरण्यकेशी, नांगरतास, कावळेसाद आणि चौकुळच्या वाड्या असे दोन दिवस सहज जातात. फोंडा चढून दाजीपूर वेगळं. संगमेश्वर-देवरुखच्या बाजूला मुक्काम केलात तर मार्लेश्वर, आणि आंबा घाट चढून विशाळगड. एका दिवशी साठ किलोमीटरहून जास्त ठरवू नका. या रस्त्यांवर साठ म्हणजे पूर्ण दिवस.

टाकी निम्म्यावर आली की भरायची, कारण आत पंप नाहीत. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. दरीत रेंज नसते. व्हॅनपाशी कागदावर लिहून ठेवायचं : कुठल्या वाटेने गेलो, किती वाजता परत येणार आणि त्यानंतर किती वेळ वाट बघून शोधायला निघायचं. आमचा नियम अंधार पडायच्या एक तास आधी परत, हा आहे. आंबोली-चौकुळच्या रस्त्यावर संध्याकाळनंतर गवे उतरतात. वळणापलीकडे आठशे किलोचा गवा उभा असेल तर मोटरसायकलच्या दिव्यात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दिसला तर इंजिन चालू ठेवून थांबा, हॉर्न नको, तो जाईल.

रस्ता तीन प्रकारचा. मोकळ्या जांभ्याच्या खडीवर चाक घसरतं, म्हणून हवा चार-पाच पीएसआय कमी करा, पुढचा ब्रेक हळुवार, नजर लांब. पानांनी झाकलेल्या उतारावर खाली काय आहे ते दिसत नाही. उभं राहून, पहिल्या गिअरात. आणि ओला कातळ, जिथे सूर्य पोहोचत नाही अशा वळणावर डिसेंबरातही शेवाळ असतं. तिथे उतरून ढकला. व्हाळ ओलांडताना आधी पायी जाऊन या. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर परत फिरा. सायलेन्सरऐवजी हवेच्या फिल्टरची उंची महत्त्वाची. इंजिनात पाणी गेलंच तर स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढा, किक मारून पाणी बाहेर पडू द्या, फिल्टर पिळून वाळवा, मग प्लग बसवा.

रोज रात्री दहा मिनिटं मोटरसायकलला द्या. लाल धूळ चेनमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. रॉकेल किंवा डिझेलने पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावा, चेनचा झोळ अडीच-तीन सेंटिमीटर ठेवा. नवी क्लच केबल घरूनच जुनीच्या शेजारून ओढून, टोकं बांधून ठेवा. तुटली की पाच मिनिटांत जोडता येते.

दुरुस्ती

अवजारांत काय हवं ते : पान्यांचा संच, पक्कड, मल्टिमीटर, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, टायरमध्ये हवा भरायचा पंप, ट्यूबलेसची पट्टी आणि टोचा, मोटरसायकलची सुटी ट्यूब, फ्यूज, वायर, एम-सील, टेफलॉन टेप, बुटाइल टेप, जुन्या टायरट्यूबच्या लांब पट्ट्या, लोखंडी तार, काथ्याचा दोर. जॅकखालची फळी विसरू नका, लाल मातीत जॅक बुडतो आणि गाडी तिथेच राहते.

छताची गळती ही व्हॅनची खरी खोड. बहुतेक वेळा पाणी जिथे ठिबकतं तिथून आत आलेलं नसतं. पॅनलच्या बोल्टमधून शिरतं, छताच्या आतल्या कमानीवरून वाहतं आणि तुमच्या उशीवर पडतं. शोधायची रीत अशी : एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने छतावर खालच्या बाजूपासून सुरुवात करून एकेक सांधा तांब्याने पाणी ओतून दहा मिनिटं तपासायचा. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. सापडला की जुनं सीलंट चाकूने पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा, आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. ओल्यावर काहीही लावलं तरी महिन्यात सुटतं. मग बुटाइल टेप दाबून बसवा. रानात पाऊस चालू असेल तर हे होणार नाही, तेव्हा सरळ ताडपत्री टाका. ती छताला न टेकता मध्ये हवा राहील अशी दोर बांधून, घरापुढची पडवी बांधतात तशी उतरती.

डिझेल गाडी चालता चालता घुटमळली, चढावर ताकद गेली, तर आधी फिल्टरमधलं पाणी बघा. ओलसर हवेत टाकीत पाणी साचतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत घ्या, खाली पाणी आणि वर डिझेल वेगळं दिसेल. शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडा. मग आत हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा हातपंप दाबत राहा, वरचा स्क्रू सैल ठेवून, बुडबुडे थांबले की आवळा. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या पुढच्या, जास्त दाबाच्या नळ्या मात्र सोडू नका, तिथला दाब हाताच्या कातडीतून आत घुसतो.

चढावर इंजिन तापलं तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा उघड्या, आणि जागा मिळताच थांबा. इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं रिकामं चालू द्या, मात्र काटा लाल भागात गेला असेल किंवा पाणी सांडत असेल तर ताबडतोब बंद. रेडिएटरचं झाकण हाताला सोसेल इतकं थंड होईपर्यंत उघडू नका.

चाकांवरच्या पट्टीस्प्रिंगचा पाटा तुटला असेल तर कुठला ते बघा. खालचा एखादा तुटला तर बाकीच्यांना तारेने आवळून वीसच्या वेगाने गॅरेज गाठता येतं. वरचा मुख्य पाटा डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल वळशापाशी, तुटला तर गाडी हलवू नका, धुरा सरकते. मोटरसायकलवर जाऊन मेस्त्रीला घेऊन या. अशा वेळी दुसरं वाहन असल्याचं मोल कळतं. आमचा पाटा साखरप्याच्या अलीकडे गेला तेव्हा भावाने मेस्त्रींना मागे बसवून आणलं आणि त्यांनी अवघ्या दीड तासात रस्त्यावरच काम केलं.

चाक रुतलं तर रेस करू नका, प्रत्येक फेरीत ते खोल जातं. चाकापुढची माती खणा, झावळ्या किंवा चिऱ्याचे तुकडे घाला, हवा बरीच उतरवा, दुसऱ्या गिअरात हळू क्लच सोडा. निघालात की आधी हवा भरा. ओढायची वेळ आली तर दोर गाडीच्या हुकालाच, बंपरला नाही, आणि माणसं दोराच्या लांबीच्या बाहेर उभी करा.

साप, गोचीड, हत्ती

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, आणि गडग्यात फुरसं असतं. छोटं, मातीच्या रंगाचं, पटकन दिसत नाही. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय एक पाऊल नाही, बूट झटकून घालायचे, गडग्यात हात घालायचा नाही. दंश झालाच तर कापू नका, बांधू नका, चोखू नका. माणसाला शांत ठेवा, दंशाचा हात-पाय हलवू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि रेंज नसेल तर व्हॅनमध्ये आडवं झोपवून निघा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. मुक्कामापासून जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा. कणकवली आणि सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत.

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. तो गोचिडीमधून येतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा मुख्य काळ. पाचोळ्यात बसू-झोपू नका, पूर्ण पँट मोज्यात खोचा, गोचिडीसाठीचं तेल लावा, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा. घरी परतल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की त्या रानात होतो.

तिलारी-दोडामार्गकडे रानटी हत्ती फिरतात. तिथे उघड्यावर मुक्काम करू नका, आणि व्हॅनमध्ये पिकलेला फणस किंवा केळ्यांचा घड ठेवून तर अजिबात झोपू नका. माणसांनी भरलेल्या वाडीत, गावकरी सांगतील तिथेच थांबा.

निघताना आणि परतल्यावर

शेणाने सारवलेल्या खळ्यावर चाकाचे वण उठले असतील तर घरच्यांना सांगा. कुठे ऑइल ठिबकलं असेल तर तेवढी माती खरवडून पिशवीत घ्या. शौचालयाची टाकी रानात किंवा शेतात रिकामी करायची नाही, गावातल्या कुणाच्या सेप्टिक टँकमध्ये परवानगीने किंवा घरी जाऊन.

खारी हवा लागलेली गाडी आठवडाभर तशीच उभी ठेवली तर खालून गंजते. पहिल्याच दिवशी गोड्या पाण्याचा फवारा चेसिसखाली, पाट्यांत, ब्रेकच्या नळ्यांवर मारा. बॅटरीची टोकं पुसून पेट्रोलियम जेली लावा. पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा. गाद्या उन्हात काढा, कपाटाची दारं सताड उघडा, आणि दोन दिवस व्हॅनची मागची-पुढची दारं उघडी टाकून वारा वाहू द्या.